तिसऱ्या आवाजाचं गिऱ्हाईक

मळीचा वास आवडतो असं म्हणणारं माणूस मला आजवर भेटलेलं नाही. मला आवडतो, पण मी ते चारचौघांत सांगत नाही. दिवाळी आटोपते, साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो आणि तेलगावच्या शिवारावर तो आंबूस-गोडसर वास येऊन बसतो. बीडहून येणाऱ्या एसटीत खिडकीशी बसलेल्या बायका पदर नाकाला लावतात. मी खिडकी आणखी थोडी सरकवते आणि शेजारणीच्या शिव्या खाते.

यंदाही तसंच झालं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागं लोंबणारी कांडी ओढून पळणारी पोरं, दोरीवरच्या धुण्यावर पडलेली काजळी, फाट्यावर वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या घेऊन बसलेल्या बाया. गळिताचा हंगाम दरवर्षी येताना सगळं सामान घेऊन येतो. एक गोष्ट तेवढी तो आणत नाही. ट्रॅक्टरवरचे भोंगे इतके मोठ्यानं गात असतात की ती कमी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मी लहान होते तेव्हा ऊस बैलगाड्यांनी यायचा आणि हंगामाचा आवाज घुंगरांचा असायचा.

घुंगरांचा आवाज हा आमच्या घरचा धंदा होता. फाट्यावर वडिलांचं, म्हणजे अण्णांचं दुकान होतं. कासरे, वेसणी, म्होरक्या, गोंडे आणि घुंगरमाळा. माणसाच्या कामाची एक वस्तू मिळत नाही ह्या दुकानात, असं आई म्हणायची. दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीला निघणारे गाडीवान यायचे. तोडीची वाट लांब, कुणी सांगलीकडं, कुणी त्याच्याही पुढं. निघण्याआधी बैलांचा साज नवा व्हायचा आणि दुकानात पाय ठेवायला जागा नसायची.

आमच्याकडं घुंगरमाळ बघून घेत नसत. गिऱ्हाईक दुकानाकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड करायचं. अण्णा आतून एकेक माळ खुंटीवरून उतरवून हलवायचे. माळ बघितली की माणूस पितळेच्या चकाकीला भुलतो, म्हणून पाठ. पसंत पडली की गिऱ्हाईक नुसता हात वर करायचं. मग दुसऱ्या बैलासाठी तिच्याशी जुळणारी माळ शोधायची. एकीनं विचारावं आणि दुसरीनं उत्तर द्यावं असा आवाज लागायचा. त्याला 'जोड लागली' म्हणत. ही हौस नव्हती. तोडीवर गाड्या सगळ्या सारख्या, बैल सारखे, संध्याकाळी अंधारून आल्यावर माणसंही सारखीच. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत चुलीपुढं बसलेली बाई आपल्या जोडीचा आवाज ओळखायची आणि मगच तव्यावर भाकरी टाकायची.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मी माजलगावच्या कॉलेजात पदवीच्या शेवटच्या वर्गात होते. कॉलेज सुटलं की कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे. क्लास पिठाच्या गिरणीच्या माडीवर होता. खाली गिरणी सुरू झाली की वर फरशी थरथरायची, खुर्ची थरथरायची आणि पडद्यावरचा बाणही उगाच थरथरतोय असं वाटायचं. कीबोर्डवर पिठाचा पातळ थर असायचा. संध्याकाळी घरी गेले की आई म्हणायची, "कंप्युटर शिकायलीस का दळण आणायलीस?" माझ्या कोपरांना पीठ लागलेलं असे, त्यामुळं मला फार बोलता यायचं नाही.

क्लास नदीम सरांचा. सडपातळ, गळ्यात मफलर, शिकवताना दोन्ही हातांनी हवेत कंस काढायची सवय. एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, त्यांनी आम्हाला नोटपॅडवर शिकवली. टॅग उघडायचा, मजकूर लिहायचा, टॅग बंद करायचा. मी बंद करायला विसरायचे आणि सगळं पान ठळक अक्षरांत ओरडायला लागायचं. "नंदा, कासरा सोडला तर बैल कुठंबी जायेगा न," सर म्हणायचे. आमच्या दुकानाची चेष्टा करायची त्यांना भारी आवड होती. पण त्या वाक्यानंतर मी टॅग कधी उघडा सोडला नाही.

पहिल्या दिवशी मी एवढंच लिहिलं होतं, 'माझं नाव नंदा, गाव तेलगाव.' फाईल जपून ठेवली, उघडली आणि ते वाक्य पांढऱ्या पानावर आलं. वहीत मी हजारदा नाव लिहिलं होतं, त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. इथं मी सांगितलं आणि समोरच्या वस्तूनं ऐकलं. घरात माझं ऐकलं जात नव्हतं अशातला भाग नाही, पण आधी आईचं, मग अण्णांचं, मग मोठ्या अप्पांचं असं करत माझी पाळी यायची तोवर मी काय म्हणत होते तेच विसरून जायचे. मला त्या पानाचा इतका आनंद झाला की मी ते बंदच करेना. शेवटी वीज गेली.

मोठे अप्पा म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. माणूस वाईट नव्हता, बारावी पास झाले तेव्हा मला मनगटी घड्याळ त्यांनीच आणलं होतं. पण त्या हंगामात त्यांच्याकडं गेवराईचं एक स्थळ आलं होतं आणि माझ्या डोक्यात औरंगाबाद होतं. मला कॉम्प्युटरचंच पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. एका रविवारी जेवताना मी ते बोलून दाखवलं. आई वाढायची थांबली. अप्पांनी ताटावरची नजर उचलली नाही.

"काय काय येतंय तुला त्या कंप्युटरवर?" त्यांनी विचारलं.

"दुकानाची वेबसाईट करायलेय. कुठूनही बघता येईल."

"असं?" अप्पा हसले. "मग आयक. आपून दुकानदार मानसं. जिथं गिऱ्हाईक येत न्हाई त्याला आपून दुकान म्हनत न्हाई. तुझ्या त्या साईटवर एक गिऱ्हाईक येऊ दे. लई न्हाई, एक. पट्टा पडायच्या आत. मग जा औरंगाबादला, तुझी पेटी उचलून मी येतो सोडाया. न्हाई आलं तर गेवराईच्यांना हो म्हनू."

पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. शिवारातला ऊस सरतो, ऊस आत नेणारी गव्हाण थांबते, भोंगा शेवटचा वाजतो आणि तोडीला गेलेली माणसं परतायला लागतात. माझ्याकडं तेवढी मुदत होती. मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि खाल्ला.

मग मी इरेला पेटले. पान पिवळं केलं, दुकानाचं नाव लाल केलं आणि ते उजवीकडून डावीकडं पळवलं. तेव्हा अक्षरं पळवणं म्हणजे कळस होता. सरांच्या कॅमेऱ्यानं घुंगरमाळांचे फोटो काढले, खाली दुकानाचा फोन नंबर टाकला. त्या पानाची छापील प्रत घरी नेऊन अण्णांना दाखवली. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला.

"ब्येस हाय," ते म्हणाले. "पर नंदा, फोटू बघून घुंगरमाळ कोन घेतंय?"

मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, माझ्या कामाबद्दल कुणी विचारलेला तो पहिलाच खरा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत घुंगरमाळांच्या जोड्या भरून माजलगावच्या एसटीत चढले. रस्त्यात खड्डे इतके की प्रत्येक खड्ड्याला पिशवी बोलायची. सगळी गाडी मागं वळून बघायला लागली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "ताई, तुमचं तिकीट झालं. बैल कुठं बसलेत?" मी पिशवी पोटाशी आवळून धरली, तरी ती गप्प बसेना. क्लासच्या जिन्यावरही ती वाजतच वर चढली.

आवाज भरायचे तर खाली गिरणी. ती चालू असताना माइकमध्ये घुंगरांपेक्षा जोंधळाच जास्त ऐकू यायचा. शेवटी लोडशेडिंग कामाला आलं. वीज गेली की गिरणी बंद पडायची आणि क्लास बॅटरीवर थोडा वेळ चालायचा. वीज जायची वाट बघणारी सबंध तालुक्यात मी एकटीच असेन. दिवा गेला की सर माइक पुढं करायचे आणि मी माळ हलवायचे. पहिल्या जोडीला मी त्यांना म्हटलं, सर, तुम्ही पाठ करा. ते म्हणाले, कावून? मी कारण सांगितलं. मग ते मुकाट्यानं भिंतीकडं तोंड करून, माइक धरलेला हात मागं करून उभे राहिले.

फोटोंचं सरांनी शिकवलं होतं. आवाजाचं त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं, ते मी एका जुन्या पुस्तकातून माझी मीच जोडलं. आवाज पहिला, आवाज दुसरा, आवाज तिसरा अशी नावं दिली, त्यांवर टिचकी मारली की घुंगरं वाजायची. फुकटात जागा देणारी एक साईट होती, तिच्यावर सगळं चढवायला अख्खी दुपार गेली. मग सरांनी पत्ता टाकला आणि आमचं पिवळं पान उघडलं. मी तिसऱ्या आवाजावर टिचकी मारली. वाजला. सर म्हणाले, "आता दुनियेत कुठंबी वाजंल." मला खिडकीतून खाली बघावंसं वाटलं. खाली नेहमीचाच मोंढ्याचा रस्ता होता, पोत्यांच्या गाड्या होत्या, आणि कुणालाच काही कळलेलं नव्हतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी अण्णा क्लासवर आले. मी बोलावलं नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि दारात उभे राहिले. मी खुर्ची दिली तर बसले नाहीत. सरांनी हेडफोन त्यांच्या टोपीवरून कसेबसे अडकवले. मी पान उघडलं आणि अण्णा वळले. पडद्याकडं पाठ, भिंतीकडं तोंड. मी एकेक आवाज लावत गेले. भिंतीवर कॅलेंडर होतं, ते त्याच्याकडंही बघत नव्हते. तिसऱ्याला त्यांनी बोट वर केलं, परत लाव म्हणून. मी परत लावला. मग हेडफोन काढून सरांच्या हातात दिले, मला "बरं" म्हणाले आणि बाजाराची पिशवी घेऊन खाली उतरले. आवडलं की नाही तेही सांगितलं नाही. मी हिरमुसले.

त्यानंतर दुकानाचा फोन वाजला की मी कान टवकारायचे. फोन यायचे. कुणाला अप्पा हवे असायचे, कुणाचा नंबर चुकलेला असायचा. थंडी ओसरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा ऊस सरत गेला आणि पलीकडच्या वस्त्या दिसायला लागल्या. एरवी मला ते मोकळं शिवार आवडायचं, त्या वर्षी रोज थोडं जास्त लांबवर दिसायचं आणि माझी मुदत तेवढी कमी व्हायची. आईनं गेवराईच्या पाहुण्यांसाठी फराळाचं काय करायचं याचा विचार सुरू केला होता. मी क्लासमध्ये माझ्या मशीनवर साईट उघडून स्वतःच टिचक्या मारत बसायचे. आवाज यायचा. माणूस येत नव्हतं.

आणि एका संध्याकाळी अण्णांनी जेवताना सांगितलं, अगदी मीठ मागावं तसं, "सांगलीकडून फोन आलता आज."

"कुनाचा?" अप्पांनी विचारलं.

"गाडीवान हाय. इकडलाच, तिकडं तोडीला गेलाय. घुंगरमाळ तुटली म्हने. तिथल्या कॅफेत इंटरनेटवर ऐकलं. तिसऱ्या आवाजाची जोड धाडा म्हनला."

आईच्या हातातली पळी आमटीत तशीच राहिली. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग अण्णांकडं, मग पाणी प्यायले. "गिऱ्हाईक म्हंजी गिऱ्हाईक," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकानात तिसऱ्या जोडीची खुंटी रिकामी होती.

अप्पांनी शब्द पाळला. पावसाळ्याच्या तोंडाशी माझी पेटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन ते औरंगाबादच्या एसटीत चढले. वाटेत शेजारच्या माणसाला सांगत होते, "पुतणी हाय. हिच्या साईटीवर पार सांगलीहून गिऱ्हाईक येतंय." मी खिडकीबाहेर बघत होते, कारण मला रडू येत होतं आणि हसूही.

आता मी बीडला एका कॉलेजात हेच शिकवते. घुंगरमाळा संपल्या. तोडीच्या बऱ्याच गाड्यांना ट्रॅक्टर आले, दुकानाच्या जागेत मोबाईल दुरुस्तीवाला आहे, आणि ती फुकटची साईट देणारे केव्हाच आपला गाशा गुंडाळून गेले. अप्पाही गेले. त्या सगळ्याचं मी मनात एक गाठोडं बांधून ठेवलं होतं आणि अडचणीच्या वेळी सोडून बघायचे. नोकरीची पहिली मुलाखत, मुलाचं आजारपण, असल्या वेळी मी स्वतःला सांगायचे, तुझं एक पान सांगलीला वाजलं होतं. तो गाडीवान मी कधी बघितला नाही, पण त्याचा चेहरा माझ्या मनात पक्का होता. काळा, मिशाळ, कानाला हेडफोन.

यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी प्रॅक्टिकलला एका मुलीचं पान उघडलं. तिच्या मशीनवर फोटो छान दिसत होता, माझ्या मशीनवर रिकामा चौकोन. ही चूक दरवर्षी कुणीतरी करतंच. मी नेहमीचं बोलायला लागले, "अगं, फोटो तू चढवलाच नाहीस. पत्ता दिलास तो तुझ्या मशीनच्या आतला. पाहुण्याला घराचा पत्ता द्यायचा, तर तू लिहिलंस, 'आमच्या घरी या.' तुझ्या मशीनला ते कळतं, बाकी जगाला कसं कळणार?" मुली हसल्या. मी पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिले.

त्या जुन्या पानाची सीडी घरी होती. ती चालू शकेल असा संगणक शोधण्यात दोन रविवार गेले. पान उघडलं, पिवळंधमक, वरून दुकानाचं नाव अजून पळतंय. मी आतला मजकूर वाचला. फोटोंचे पत्ते बरोबर होते, ते सरांनी बघितले होते. आवाजांचे पत्ते मी लिहिले होते. डी ड्राइव्ह, नंदा नावाचं फोल्डर, आवाज तीन. त्या काळचे ब्राउझर भोळे होते, त्याच मशीनवर बसून साईट उघडली की त्याच मशीनच्या पोटातला आवाज काढून वाजवायचे. आम्ही तपासलं होतं ते त्याच मशीनवर. म्हणजे माझा तिसरा आवाज दुनियेत एकाच ठिकाणी वाजत होता, माजलगावात, गिरणीच्या माडीवर. सांगलीच्या कुठल्याही कॅफेत तो वाजणं शक्यच नव्हतं.

दिवाळी आटोपताच मी तेलगावला आले. मळीचा वास होताच. अण्णा ओट्यावर उन्हाला पाय सोडून बसले होते. आता त्यांना थोडं कमी ऐकू येतं, पण रस्त्यावरनं कुठली गाडी गेली ते अजून न बघता सांगतात. चहा झाला. मी विचारलं, "अण्णा, त्या सांगलीच्या गाडीवानाचं नाव काय होतं हो?"

"कंचा सांगलीचा?"

"तिसरी जोड मागवलेला."

ते रस्त्याकडं बघत राहिले. मी त्यांना माझी चूक सांगितली, पाहुण्याच्या पत्त्यासकट. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी कुनालाच ऐकू गेलं नसंल?"

"कुणालाच नाही."

"तरीच," अण्णा म्हणाले. "म्या रोज वाट बघायचो. फोन येईल म्हनून दुकान सोडून जेवायाबी येत नव्हतो. वाटलं, आवाज चांगला हाय, पोरीनं झ्याक भरलाय, मग येत कावून न्हाई कुनी?"

ट्रॉली गेली. तिच्या गाण्यानं आम्हाला थांबायला लावलं.

"आणि जोड? खुंटी तर रिकामी होती."

"ती धाडली की. एक गाडीवान मधीच गावाकडं आलता, परत सांगलीला चाललाता. त्याच्या पिशवीत घातली. सगळंच खोटं नगं म्हनून."

मला हसू आलं. चेष्टेनंच म्हटलं, "ऐकल्याशिवाय घुंगरमाळ कुणी घेत नाही, तुमचाच नियम. न ऐकताच विकलीत की मग."

अण्णांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले असेन असं ते बघणं होतं.

"ऐकून घेतलीती," ते म्हणाले. "गिऱ्हाईक आलतं, नंदा. जिना चढून आलतं."